नानकटाईवरची मुद्रा

आई, मी आता कात्रजला राहतो. तुझ्या शिवणाच्या डब्यात मुद्रेचं, त्या रानझुडपाचं, एक वाळकं बोंड राहिलं होतं, ते मी पार्किंगमागे कुस्करून टाकलं. त्याचं झुडूप झालं. दरवर्षी माळी कापतो, दर पावसाळ्यात ते मुळापासून पुन्हा फुटतं. यंदा मात्र तिथे फरशी बसवायचं ठरलं, म्हणजे मुळासकट जाणार. तुझं असं माझ्याकडे तेवढंच उरलं आहे, म्हणून घाबरत घाबरत सोसायटीच्या सेक्रेटरींना खाली नेलं. म्हटलं, "काका, पानाला हात लावून बघा. दोन्हीकडून लव आहे, मखमलीसारखी." ते म्हणाले, "मखमल सोफ्याला शोभते. फूल कुठंय?" फुलं पिवळी असतात, पण दुपार कलल्यावर उघडतात, आणि आम्ही गेलो सकाळी. "संध्याकाळी याल का?" "वा! आता गवतालाही वेळ घेऊन भेटायचं?"

आले मात्र. फुलं बघितली आणि म्हणाले, "बरं. उपयोग काय?" मग मी तुझी गोष्ट सांगितली. दिवाळीत बेकरीत भाजायला दिलेली आपली नानकटाई दुसऱ्यांच्यात मिसळू नये म्हणून तू प्रत्येकीवर हे चाकासारखं बोंड दाबायचीस. मला अजून दिसतं: भट्टीसमोर बायकांची गर्दी, मी पिशवी धरून उभा, आणि तू बेधडक एक ट्रे ओढतेस. "हीच आपली. मुद्रा दिसत नाही? डोळे आहेत की बटणं?"

"करून दाखव," काका म्हणाले. मी तूप दोनदा मोजलं, एकेक ठसा रेखीव उमटवला. ओव्हनमध्ये नानकटाई फुगली, तडकली आणि ठसे साफ गेले. तरी बशी घेऊन गेलो. त्यांनी एक खाल्ली, दुसरी उचलली. "ठसा कुठंय रे?" माझ्या तोंडून तुझाच आवाज निघाला, "दिसत नाही? नीट बघा की!" त्यांनी चष्मा लावला. "हां, आहे आहे," म्हणत तिसरी घेतली. आता झुडपाभोवती हातभर जागा सोडून फरशी बसणार आहे.

तेव्हापासून एकच विचार छळतो आहे, की इतक्या दिवाळ्या आपण नेमकी कुणाची नानकटाई खाल्ली? हे पत्र पोचवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं. तू लगेच विचारलं असतंस, "म्हणजे तुला मुद्रा दिसली नव्हती?" नाही आई. एकदाही नाही.