शुक्रवारची ओटी

दवाखाना, ता. घनसावंगी
८ ऑगस्ट, शुक्रवार

लाडक्या डॉक्टरीणबाई,

सगुणाचा रामराम. पोटात काही गेलं का? का तिकडं गडचिरोलीला बी चहा-बिस्किटावरच दिवस काढून राह्यल्या? वाळून काडी झाल्या, तर नवरा कुठून मिळायचा?

फोनवर तुम्ही मला बोलूच देत न्हाई, म्हणून लिहिते.

इकडं सगळं बराबर हाय. तुमच्या बदलीनंतर जागेवर कोणी आलं न्हाई. खुर्चीवर मांजर बसतं. मी त्याला म्हणते, "सायेब, पेशंट पाठवू का?"

तुम्ही आल्त्या तवा पोटुशी सून कोणी तपासायला धाडत न्हवतं. सासवा म्हणायच्या, आम्ही काय शेतात बाळंत झालो न्हाई? मंग तुम्ही दर शुक्रवारी दवाखान्यातच ओटी भरायचं काढलं. ओटीला कोण न्हाई म्हणल? आधी बीपी, रक्त, मंग खण-नारळ. अन् ओटी भरायला उभं केलं कोणाला? मला! झाडूवालीला, त्यात विधवेला. सासवांतली ती गोजरबाई कशी फणकारली, "हिच्या हातानं? हिचं कपाळ बघा आधी!"

तुम्ही म्हणल्या, "मावशी, माझं तर लग्नच झालं नाही. माझ्या हातानं बाळंतपण चालतं, आणि हिच्या हातानं नारळ चालत नाही?"

त्या दिवसापासून ओटी मीच भरू लागले. मी घरी जाऊन आमच्या ह्यांच्या फोटोला सांगितलं, बघा, तुम्ही गेले अन् मला मान आला.

गोजरबाईची सून मोनाली आठवती का? तुम्ही पोटाला हात लावला की खुदुखुदू हसायची ती. मागच्या महिन्यात तिची ओटी भरली मी. बीपी लई चढल्तं. सिस्टर म्हणली, आजच जालन्याला न्या. तुम्ही असत्या तर सासूला दम देऊन, सोता गाडीत बसून घेऊन गेल्या असत्या. गोजरबाई म्हणली, "ओटी भरली न, आता काय होतंय?" अन् घरी घेऊन गेली.

दोन-तीन दिसांत झटके आले. जालन्याच्या रस्त्यावर, जीपमधीच गेली. लेकरू पोटातच.

दहाव्याला गोजरबाई सगळ्यांदेखत म्हणली, "रांडमुंडीच्या हातानं ओटी घेतली, दुसरं काय होणार!" कोणी काही बोललं न्हाई. मी बी न्हाई. माझं तोंड तुम्हाला म्हाईत हाय, तरी न्हाई.

बीपी काय असतं ते मला कळतं, बाई. तुम्हीच शिकवलं. तरी भाकरी थापता थापता हाताकडं बघत बसते, अन् तवा जळतो.

आज शुक्रवार. व्हरांडा मोकळा. बद्रीनाथची सून साधना तेवढी आल्ती, सासूला चोरून. पदर पसरून म्हणली, "भरा न, काकू." माझा हात उठलाच न्हाई. रडत गेली बिचारी, बीपी बी न तपासता. सिस्टरनं हाका मारल्या, तिनं मागं बघितलं न्हाई.

तुम्ही या, असं म्हणत न्हाई. बदली काय तुमच्या हातात हाय? फकस्त एवढं लिहा, मोनाली कशानं गेली. मला म्हाईत हाय. तरी तुम्ही लिहा. गावासाठी न्हाई, माझ्यासाठी.

तुम्ही उभी केलेली,
आता खाली बसलेली
सगुणा