बऱ्यातले बरे दहा

३ डिसेंबर, बुधवार

आजपासून रोजनिशी. रागावर कंट्रोल यायला रोज चार ओळी लिहाव्यात असं मोबाईलवर एक डॉक्टर सांगत होता. मला तसा राग येत नाही. मी मुळात शांत माणूस. तरी लिहून ठेवलेलं बरं.

टीव्ही बंद पडलाय. वैशाली माहेरी, कामतघरला. आईला बरं नाही म्हणून गेली. चार दिवसांत येईल.

सकाळी काल्हेर नाक्यावर एका टेम्पोवाल्याने कट मारला. त्याला खाली ओढून कानाखाली दोन वाजवणार होतो, पण तो आपणहून खाली उतरला. बराच उंच निघाला. मी शांत राहिलो. डायरीचा पहिल्याच दिवशी फायदा.

४ डिसेंबर, गुरुवार

वैशाली फोन उचलत नाही. सासूबाईंनी उचलला. ठकुबाई एकदम ठणठणीत, आवाज गोडाऊनच्या भोंग्याएवढा. मग आजारी कोण ते कळलं नाही. विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

ही डायरी कोणी वाचणार नाही, म्हणून झालं ते लिहितो. रविवारी घरी 'साखळीवाला' लावला होता. सिनेमांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, मारामारी राहते. त्यावरून मीच नाव पाडतो. तर साखळीवाला म्हणजे वर्षातला एक नंबर. हीरो नुसत्या साखळीने अख्खी टोळी साफ करतो आणि शेवटी व्हिलनला क्रेनला उलटा टांगतो. मी तिसऱ्यांदा बघत होतो, वैशाली पहिल्यांदा. संपल्यावर विचारलं, कसा होता? म्हणाली, बरा होता. मी म्हटलं, नीट विचार करून सांग. म्हणाली, केला विचार, बरा होता. मी म्हटलं, जबरदस्त म्हण. म्हणाली, बरा होता, पण पुन्हा नाही बघणार.

वर्षभर हेच. दर रविवारी मी सिनेमा दाखवायचा आणि हिने हे एक वाक्य फेकायचं. त्यानंतर टीव्ही बंद पडला.

६ डिसेंबर, शनिवार

सुचलं! दोष वैशालीचा नाहीच. 'बरा' म्हणजे काय हेच तिला माहीत नाही. ते शिकवलं की वाद खलास.

प्लॅन असा. वर्षभरात पाहिलेल्यातले उत्तम बाजूला काढायचे, भिकार बाजूला काढायचे. मधे उरतात ते बरे. म्हणजे बघताना झोप येत नाही आणि सकाळी आठवत नाहीत असे. त्यांचं रँकिंग करायचं, टॉप टेन, आणि लिस्ट तिला पाठवायची. त्यात साखळीवाला नाही हे बघून तिला आपली चूक कळेल. ती सॉरी म्हणेल. मी लगेच माफ करणार नाही. थोडा वेळ घेईन.

संकल्प: आठवड्यात लिस्ट पूर्ण. लिस्ट पूर्ण होईपर्यंत कोणावर हात उचलायचा नाही.

७ डिसेंबर, रविवार

लिस्टला सुरुवात. एक नंबर 'हातोडीवाला'. इंटरव्हलपर्यंत कडक. हातोडीने गुडघे फोडतो, आवाज छान. इंटरव्हलनंतर हातोडी हरवते आणि सिनेमापण. दोन नंबर 'लिफ्टवाला'. लिफ्टमध्ये एवढी माणसं मारतो की दार उघडत नाही. पण बाहेर आल्यावर शर्ट पांढराच. नंतर 'भाऊ मेलेला'. हे एकूण चार निघाले. चारींत भाऊ इंटरव्हलच्या आधी मरतो आणि मरताना बराच वेळ बोलतो. कुठला तिसरा, कुठला चौथा, कुठला पाचवा, कुठला सहावा ते ठरवताना डोकं फिरलं. शांत राहिलो. खुर्चीला लाथ मारली ती वेगळी गोष्ट, खुर्ची मधेच होती.

शेजारच्या रंगूबाई डोकावल्या. कचऱ्याजवळ ठेवलेला टीव्ही त्यांनी पाहिला होता. विचारत होत्या, एवढं भोक कशानं पडलं? मी सांगितलं, व्होल्टेज.

१० डिसेंबर, बुधवार

हरेशचा फोन. हरेश म्हणजे वैशालीचा धाकटा भाऊ, नारपोलीला पॉवरलूम दुरुस्त करतो. मला म्हणाला, "भावजी, ताईच्या भिवईवर तीन टाके हायेत. तुम्ही एकदा तरी विचारला काय?"

मी तांब्या टीव्हीला मारला होता, तिला नाही. हे दहा वेळा सांगितलं. नेमही बरोबर लागला. काच उडाली त्याला मी काय करणार? सिनेमात एवढ्या काचा फुटतात, बाजूला उभ्या असलेल्या बायकोला कधी लागत नाही. आणि तांब्या हाताशी ठेवला कोणी? तिनेच. पाणी मी मागितलं होतं, पण तांब्या तिने ठेवला.

हरेश म्हणाला, आमच्या दारात पाय ठेवू नका, ठेवलात तर बघून घेईन.

मला? बघून घेईन? या भूपेशला? ठरलं. हरेशला तोडायचा. आधी डावा हात, मग उजवा. संकल्पात थोडी दुरुस्ती: लिस्ट पूर्ण होईपर्यंत हरेश सोडून कोणावर हात उचलायचा नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ट्रेनिंग सुरू. हरेशचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत हे मान्य, पण टेक्निक माझ्याकडे आहे, वर्षभर बघतोय. शिफ्ट सुटल्यावर गोडाऊनच्या मागे कापडाची एक गाठ उभी केली आणि तिला हरेश समजून ठोसे सुरू केले. पहिले दोन मस्त बसले. तिसऱ्याला मनगटातून आवाज आला. हातोडीवाल्यातल्या गुडघ्याचा येतो तसाच.

आमचा माल उतरवणारा नवशा बघत होता. म्हणाला, "सायेब, गाठीला पट्टी असते लोखंडाची. जिथं पट्टी न्हाय तिथं मारा." हे आधी सांगायला काय झालं होतं? त्याच्या कानाखाली वाजवणार होतो, पण हात उचलत नव्हता.

१४ डिसेंबर, रविवार

मनगटाला क्रेप बँडेज. वैशाली असती तर हळद लावून दिली असती. लावताना बडबडली असती, ते एक बरं वाचलं.

लिस्ट पुढे. सात नंबर 'गोडाऊनवाला'. क्लायमॅक्स गोडाऊनमध्ये. रिकामी खोकी छतापर्यंत रचलेली आणि खाली पेट्रोलचे ड्रम. मी आठ वर्षं गोडाऊन सुपरवायझर आहे, असं रचलं तर पहिल्याच दिवशी मेमो मिळेल. व्हिलन मेल्याचं काही वाटलं नाही, पण फोर्कलिफ्ट उलटी चालवली ते सहन झालं नाही. आठ नंबर 'बोटंवाला', तपशील नको. नऊ नंबर 'माफीवाला'. याला लिस्टमध्ये घेऊ की नको असं झालं होतं. मधेच हीरो बायकोची माफी मागतो आणि पंधरा मिनिटं एकही माणूस मरत नाही. म्हणून शेवटून दुसरा.

दहावा सापडत नाही. बाकीचे एकतर उत्तम नाहीतर भिकार. नुसता बरा असा आणखी एक हवा.

संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर जेवलो. आठवडाभर तेच.

१७ डिसेंबर, बुधवार

उद्या गुरुवार, माझी सुट्टी. उद्याच जायचं. प्लॅन पक्का. उजव्या हातात हॉकी, हरेशसाठी. डाव्या हातात गावठी कोंबडा, सासूबाईंसाठी. आधी मारायचं, मग मन जिंकायचं. सासूबाईंना गावठी कोंबडा म्हणजे जीव की प्राण. हरेशला हॉस्पिटलात भरती केल्यावर रस्सा होईल, वैशाली वाढेल, जेवताना मी लिस्ट वाचून दाखवीन. मग तिला गाडीवर मागे बसवून घरी.

मनगटामुळे हॉकी डाव्या हातात धरावी लागेल. म्हणजे कोंबडा उजव्या. बघू.

१८ डिसेंबर, गुरुवार, सकाळ

निघतोय. कोंबडा तगडा आहे. पिशवीतून मला दोनदा चोच मारली. लढाऊ आहे, माझ्यासारखाच.

१८ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळ

मार्गशीर्ष.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. उद्यापन. सासूबाईंच्या घरात लक्ष्मीचा घट मांडलेला आणि हळदीकुंकवाला आलेल्या गल्लीभरच्या बायका. दारात मी, एका हातात हॉकी, दुसऱ्या हातात जिवंत कोंबडा. सगळ्या कोंबड्याकडे बघायला लागल्या. गेला महिनाभर गल्लीत कोणी अंडं फोडलं नव्हतं. मला कोणी आठवण करून द्यायला नको? घरी बायको असती तर आठवण करून दिली असती.

मी म्हटलं, कोंबडा शोभेचा आहे. तेवढ्यात पिशवी फाटली. कोंबडा उडाला तो थेट घटावर. कलश आडवा, नारळ घरंगळत मोरीत. एका बाईच्या डोक्यावर बसून त्याने बांग दिली. मी पकडायला धावलो, पाय केळ्यावर पडला. उठतोय तर सासूबाई समोर. त्यांनी माझ्या हातातली हॉकी काढून घेतली आणि तिनेच मला हाणायला सुरुवात केली. पहिला नडगीवर. दुसरा त्याच जागी. या वयात असा नेम मी सिनेमातसुद्धा पाहिला नाही. बायकांनी अडवलं नाही. दोघींनी वाट करून दिली.

वैशाली आतल्या दारात उभी होती. भिवईवर पट्टी. मी तिच्याकडे बघून लिस्ट खिशातून काढली. ती आत गेली.

हरेश धावत आला. मी दोन्ही हात डोक्यावर घेतले. म्हणजे बचावाची पोज. त्याने मला उचलला, स्कूटरवर टाकला आणि हाडाच्या डॉक्टरकडे नेला. रस्ताभर एक शब्द नाही. मला घाबरला असावा.

२१ डिसेंबर, रविवार

नडगीला क्रॅक. पायाला प्लास्टर, मनगटाला पट्टी. रंगूबाई भाकरी आणि आमटी देऊन गेल्या. विचारलं, कुठं पडलास? मी सांगितलं, पाच जण होते.

विचार करतोय. एवढं होऊन वैशाली काही बोलली नाही. याचा अर्थ राग उतरला. राग असता तर बोलली असती.

दहावा अजून सापडत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

वैशाली आली! मी म्हटलंच होतं.

दुपारी हरेशचा टेम्पो खाली लागला. वर ती आली, मागून हरेश. मी लंगडत चहा ठेवायला गेलो तर म्हणाली, चहा नको. हरेशने तिची शिलाई मशीन उचलली. बहुतेक रिपेअरला. मग तिने कपाट उघडलं आणि साड्या घड्या करून बॅगेत भरू लागली. थंडीचे चार दिवस आईकडे काढणार असेल. मला बरं वाटलं की निदान नीट सांगायला वेळ मिळाला. मी लिस्ट काढून मोठ्याने वाचायला लागलो.

तिने ऐकून घेतलं. हातोडीवाला, लिफ्टवाला, चारी भाऊ. साड्यांच्या घड्या चालूच. नवव्यावर आलो तेव्हा तिचे हात थांबले.

"तो एकच आवडलेला मला," ती म्हणाली. "तो बायकोसमोर बसतो आणि बोलतो, चुकलो. बस, एवढंच बोलतो."

मी म्हटलं, पण पंधरा मिनिटं काही होतच नाही त्यात.

शेवटी स्वयंपाकघरातून पितळी तांब्या घेतला. लग्नात तिच्या आईने दिलेला, वर नाव कोरलेलं, 'चि. वैशालीस, आईकडून'. नावाच्या बरोबर वर पोचा आलाय. तिने त्यावरून पदर फिरवला आणि बॅगेत टाकला.

जिन्यात रंगूबाई भेटल्या. मी दारातून ऐकत होतो. रंगूबाई माझ्या बाजूने बोलल्या, बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "पुन्हा इचार कर गो. मानूस तसा बरा हाय."

वैशाली म्हणाली, "बरा व्हता, काकी. पन पुन्हा न्हाय बघनार."

कुठल्या सिनेमाबद्दल म्हणाली ते कळलं नाही. उद्या लिस्ट तपासतो.

३१ डिसेंबर, बुधवार

लिस्ट तीनदा तपासली. 'मानूस' म्हणून कुठला सिनेमा आम्ही पाहिलेला नाही. रंगूबाईंना विचारलं, वैशाली कुठल्या पिक्चरचं बोलत होती? त्यांनी आमटीचं भांडं परत मागितलं.

गच्चीवर पोरं फटाके फोडतायत. वर जाऊन एकेकाला गच्चीवरून खाली फेकणार होतो. पायामुळे राहिलं.

१ जानेवारी, गुरुवार

सकाळी टीव्हीच्या भिंतीसमोर बसलो. नुसते खिळे आहेत. तेव्हा कळलं जिन्यात काय बोलणं झालं ते. फार वाईट वाटलं. कोणाला तरी मारावं असं वाटलं, घरात कोणी नव्हतं.

लिस्ट काढली. दहावा नंबर रिकामाच होता. तिथे लिहिलं: भूपेश. वाचून बघितलं. शेवटचा नंबर म्हणजे जरा जास्तच झालं असं वाटलं. मी काही एवढा वाईट नाही. खोडून नऊवर घातला आणि माफीवाल्याला खाली, दहावर.

मग आठवलं, त्यात तो निदान चुकलो म्हणतो.

परत दहावर आलो.