मागच्या बाकावरचे मामाजी

प्रिय मामाजी,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू? सून म्हणून तुमच्या घरात बारा-तेरा वर्षं काढली, पण हा शब्द तुमच्यासाठी कधी तोंडातून निघाला नाही. तुम्हाला जाऊन आता आठ महिने होत आले. कागदावर तरी निघू द्या.

आज शनिवार. उद्या यवतमाळहून पाळकसाहेब येणार, म्हणजे उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकर आणि प्याला फिरणार. तुम्ही गेल्यापासून महिन्याच्या महिन्याला हा रविवार आला आणि प्रत्येक वेळी मी मागच्या बाकावर एकटी बसून राहिले. उद्याच्या आधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुमच्या मुलालाही ती ठाऊक नाही.

पण आधी माझी बाजू ऐका. जिवंतपणी कधी ऐकलीत का? आता उठून जायची तुम्हाला सोय नाही, म्हणून बरं!

जुना मध्यप्रदेश सुटून आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात आपल्या दान्याला मुदतीचा ताप आला. दानियल हे नाव तुम्हीच ठेवलेलं. तीन वर्षांचं लेकरू. तुमचा मुलगा यवतमाळच्या जिनात कामाला, कापसाचे दिवस, रविवारशिवाय त्याला सुटी नाही. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी होतं नव्हतं ते औषध दिलं. तुम्ही सकाळ-संध्याकाळ खाटेपाशी गुडघे टेकून प्रार्थना करायचात. तुमच्या पाठीकडे पाहून तेव्हा मला धीर यायचा, हेही लिहून ठेवते.

पंधराव्या दिवशी दान्यानं डोळे उघडायचं सोडलं.

तांड्यावरची जमलीबाई दूध घालायला आली. दारातूनच त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, माह्या पोरीचं लेकरू असंच पडलं होतं. चाल कळंबले. चिंतामणीच्या कुंडाचं पानी आनू. काय जाते आपलं?"

तुम्ही शाळेत शिकवायला गेला होतात. दान्यापाशी नर्सबाईंना बसवलं आणि मी जमलीबाईच्या बैलांच्या दमणीत चढले. वाटेत तिनं आपल्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन माझ्या कपाळाला लावलं. "देवापाशी उघड्या कपाळानं जाऊ नोको." मी लावू दिलं. देवळाच्या पायऱ्या उतरून खाली कुंडापाशी गेले, तांब्यात पाणी घेतलं आणि हात जोडले. कोणाला जोडले म्हणाल, तर आजही सांगता यायचं नाही. माझ्या डोक्यात दान्याशिवाय कोणी नव्हतंच.

परतताना पदरानं कपाळ पुसलं. पण कुंकवाचा डाग का असा जातो? तुम्ही ओसरीवर बसला होतात.

"कपाळावर काय आहे?"

घरात तुम्ही नेहमी वऱ्हाडी बोलायचात, पुस्तकी मराठी फक्त चर्चमध्ये. त्या दिवशी ओसरीवर पुस्तकी बोललात.

"कुकू हाय मामाजी. कळंबले गेलती. लेकरासाठी."

मी दान्याच्या ओठांना ते पाणी लावलं. दोन दिवसांनी सकाळी तो गेला.

चर्चच्या मंडळीचे पंच मातीसाठी जमले. तुम्ही त्यांच्यातले सगळ्यात मोठे. त्यांना कोणाला काही ठाऊक नव्हतं. तो डाग एकट्या तुम्ही पाहिला होता. लेकरू घरात निजवलेलं, आणि तुम्ही ओसरीवर उभे राहून कळंबची हकिकत सांगितलीत. का सांगितलीत, मामाजी? एक दिवस थांबला असतात, तर देवाचं काय अडलं असतं?

कबरस्तानाच्या फाटकात तुम्ही मला अडवलंत. "प्रथम मंडळीसमोर पाप कबूल कर. मग आत ये."

मी म्हटलं, "पाप केलं असंन तर देवाले सांगीन. तुमाले नाही सांगत."

तुम्ही फाटक लावून घेतलंत.

ती भिंत कमरेइतकी. तिच्या बाहेर, पळसाखाली मी उभी होते आणि जमलीबाईनं मला मागून धरलं होतं. आतलं सगळं दिसत होतं. पेटी खाली गेली ते दिसलं. प्रत्येकानं मूठ मूठ माती टाकली तेही दिसलं. तुमच्या मुलानं एकदा मागे वळून पाहिलं आणि मान खाली घातली. त्यावरून मी पुढे त्याच्याशी भांडायची तेवढी भांडले. तुमच्याशी भांडायची सोय नव्हती.

त्या दिवसापासून माझी जागा मागचा बाक. ज्याला मंडळीनं दूर केलं, त्यानं तिथं बसायचं आणि भाकर व प्याला फिरला की खाली पाहायचं. पाच वर्षं खाली पाहिलं. दान्यानंतर माझी कूस उजवली नाही. बाया म्हणायच्या, कळंबच्या पाण्याचं फळ. तुमच्या कानांवर ते जात होतं. तुम्ही एकीला तरी गप्प केलंत का?

घरी मात्र रोज तुमची भाकर मीच थापायची. तुम्ही खायचात, हात धुवायचात, पवित्र शास्त्र उघडायचात. तुमचा आवाज असा खणखणीत, की रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा. मी चुलीपाशी बसून मनात म्हणायची, म्हाताऱ्याच्या तोंडात शास्त्र आहे, पोटात कधी उतरलं का?

मग तो रविवार आला. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. वाचन नेहमीसारखं तुमच्याकडे होतं. कनानी बाईचा भाग निघाला. परक्या जातीची ती बाई लेकीच्या दुखण्यासाठी येशूच्या मागं ओरडत येते, आणि शिष्य त्याला म्हणतात, हिला घालवून द्या. तीस वर्षांत तुम्ही हा भाग किती वेळा वाचला असेल! त्या दिवशी शिष्यांच्या बोलण्यापाशी तुम्ही थांबलात. पुन्हा ती ओळ वाचायला घेतलीत, पुन्हा थांबलात. लोकांना वाटलं, चष्म्याला काही झालं. तुम्ही पुस्तक मिटलंत, काठी घेतलीत आणि सगळ्या बाकांमधून चालत मागं आलात. माझ्या बाकावर, मधे हातभर जागा सोडून बसलात.

पाळकसाहेब प्रभुभोजनासाठी बोलवत होते. "मास्तर, या ना." तुम्ही बसल्या जागेवरून वऱ्हाडीत म्हणालात, भर चर्चमध्ये, "माही सून उठंन तवा मी उठीन. तिले म्याच बसवलं."

त्याच आठवड्यात तुम्ही पंचांना सांगून माझ्यावरची बंदी काढायला लावलीत. कबुली नाही, काही नाही. मी मोकळी झाले. आता उठायचं फक्त माझ्या हातात होतं.

आणि मी उठले नाही.

तुम्ही मागं येऊन बसलात त्याच रविवारी घरी जाताना वाटेतल्या मोरीच्या कठड्यावर टेकलात. दम लागला म्हणून बसलात असं मला वाटलं. तुम्ही म्हणालात, "माही माय बोरी अरबकडची. मोठ्या दुष्काळात मले पाठीवर घेऊन निंगाली. वाटंत जो दगड दिसे, त्याले हात जोडे. म्हने, पोरगं वाचव. आखरीले मिशनच्या फाटकापाशी आली. त्या फाटकाले बी तिनं तसेच हात जोडले, अन् तिथंच पडली. मी जिंदगीभर सांगत आलो का मले मिशननं वाचवलं. सूनबाई, मले तिनं वाचवलं. तू तेच केलं. अन् म्या तुले फाटकाबाहेर ठेवलं."

एवढं बोलून तुम्ही लहान मुलासारखे रडलात. सासऱ्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मलाही भरून आलं होतं, पण मी म्हटलं, "उन व्हते मामाजी, चाला." माफ केलं, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द! ते माझ्या तोंडून निघाले नाहीत.

पुढची तीन वर्षं तुम्ही माझ्या शेजारी बसलात. तुम्ही बदललात, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तांड्यावर जाऊन जमलीबाईची माफी मागितलीत. ती बिचारी घाबरून म्हणाली, "माफी कायची मास्तर, पानी पेऊन जा," आणि तुम्ही बसून पाणी प्यायलात. जेवून उठलात की स्वतःचं ताट स्वतः घासायला लागलात. धड निघायचं नाही, मी मागून पुन्हा घासायची. वाचतानाचा तो खणखणीत आवाज गेला. एकेका ओळीवर बोट ठेवून बसायचात, तेच पान आठवडाभर. कबरस्तानातून आलात की नखांत माती असायची. दान्यापाशी जाऊन येता हे मला कळायचं.

आणि मी? खरं सांगते. तुम्हाला बसवून ठेवायची मला चटक लागली होती. भाकरीचं ताट पुढच्या बाकापर्यंत येऊन थांबायचं, तुम्ही गुडघ्यांकडे पाहायचात आणि मला आतून बरं वाटायचं. बसा आता! पाच वर्षं मी बसले, तुम्हीही बसा! सासऱ्याला असं बसवून ठेवणारी सून साऱ्या वऱ्हाडात मी एकटीच असेन.

दम्यानं तुम्हाला खाटेवर आणलं, पाय सुजले. गुरुवारी पाळकसाहेब घरी आले. सोबत भाकर आणि प्याला, पांढऱ्या फडक्याखाली झाकलेला. तुमच्या मुलाला त्यांनी उशाशी बसवलं. मी दाराशी उभी होते. तुम्ही त्या फडक्याकडे पाहिलं नाहीत, माझ्याकडे पाहिलंत.

"येते का, सूनबाई?"

मी म्हटलं, "चुलीवर दूध हाय," आणि आत गेले.

चुलीवर दूध नव्हतं, मामाजी. जमलीबाई त्या दिवशी आलीच नव्हती. चूल विझलेली होती. विझलेल्या चुलीपुढं मी बसून राहिले आणि बाहेर तुमचा आवाज ऐकला, "झाकून ठेवा, पाळकसाहेब. तिचं काम व्हऊ द्या." तुम्ही वाट पाहिलीत. पाळकसाहेबांनीही पाहिली. शेवटी त्यांच्या सायकलीचा आवाज आला, तेव्हा मी बाहेर आले. तुम्ही डोळे मिटले होते. शनिवारी सकाळी तुम्ही गेलात.

इतकी वर्षं तुम्हाला भाकर मीच दिली, आणि जी तुम्हाला हवी होती ती एक मिळू दिली नाही. हीच ती गोष्ट. सांगून टाकली.

मेल्यावरही तुम्ही मला सोडलं नाहीत! मुलाजवळ सांगून ठेवलं होतंत, मला आत पुरू नका, भिंतीबाहेर पळसाखाली पुरा, सूनबाई उभी होती तिथं. पंच कुरकुरले, मास्तरांसारखा माणूस बाहेर कसा? आयुष्यात पहिल्यांदा तुमचा मुलगा मोठ्यानं बोलला, "बाबा म्हनले तसंच होईन." आता पाण्याला जाताना रोज तुम्ही दिसता. मी वाट बदलून पाहिली. दुसऱ्या वाटेनं विहीर लांब पडते.

परवा तुमचं शास्त्र उघडलं. कनानी बाईचं पान आपोआपच उघडतं, इतकं ते हाताळलेलं आहे. मी पुढचं वाचलं. तिला आधी उत्तरच मिळत नाही, मग मिळतं तेही झोंबणारं. पण ती रुसून जात नाही. मेजाखाली पडलेला तुकडा तरी द्या म्हणते. मी मात्र सबंध भाकर दारात आली तेव्हा तोंड फिरवलं. तुम्ही शिष्यांच्या ओळीवर अडलात, मी त्या बाईच्या ओळीवर अडले. पुढं वाचवेना. शास्त्र तुमच्या पोटात उतरलं नाही असं म्हणणारी मी! माझ्या पोटात इतकी वर्षं काय होतं?

पण म्हणून तुम्ही केलंत ते धुऊन निघालं असं समजू नका. दान्याच्या पेटीवर मला माती टाकता आली नाही. ते दुखणं मरेपर्यंत राहणार. माफ केलं असं आज लिहिते आहे, आणि लिहितानाही दुखतंच आहे. दोन्ही खरं आहे. तुम्ही समजून घ्याल, आता तुम्हाला तेवढं येतं.

उद्याचं वचन देते. पाळकसाहेब बोलावतील तेव्हा मागच्या बाकावरून उठेन आणि पुढं जाईन. त्या दुधाचं त्यांना आणि तुमच्या मुलाला आधी सांगेन, मगच भाकर घेईन. तिथून कबरस्तानात जाईन, फाटकातून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दान्याला मूठभर माती देईन. त्याला सांगेन, आजोबा इथंच आहेत, भिंतीपलीकडे. मग तुमच्याकडे येईन.

उद्या सकाळी चूल पेटवणार नाही. 'येते का' म्हणून तुम्ही विचारलं होतंत ना?

येते, मामाजी.

तुमची सून,
मार्था