भिंतभर फळा आणि सोळा इंच

आई,

नवीन लॅपटॉप घ्यायचा म्हणून गेले कित्येक दिवस आमच्या घरात नुसता धुरळा उडाला होता. तुझी नात पलंगावर पालथी पडून मोबाइलवर दोन-दोन लॅपटॉप शेजारी लावायची आणि लग्नाची स्थळं वाचून दाखवावीत तशी मला एकेकाची माहिती वाचून दाखवायची. हा वजनाला हलका आहे पण लवकर तापतो. त्याची बॅटरी दिवसभर टिकते पण स्क्रीन चकचकीत आहे, खिडकीचा उजेड त्यात दिसेल. तिसऱ्याचं सगळं चांगलं, पण दिसायला ठोकळा. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढी चौकशी तर आमी तुझ्या लग्नाच्या वक्ताला केली न्हाई. नात चौदा इंचीवर अडून बसली होती. तिचं म्हणणं, तू रोज साइटवर जातेस, जिने चढतेस, पिशवीत मावणारा आणि खांदा न दुखवणारा घे. तू गेलीस तेव्हा ही पाळण्यात होती. आता बारावीला आहे आणि मला शहाणपण शिकवते. मला ते आवडतं, पण तिला तसं सांगत नाही.

मी हिंगोलीत लोकांच्या घरांचे नकाशे काढते, एवढं तू पाहून गेलीस. आता लोकांना नुसता नकाशा पुरत नाही. घर बांधायच्या आधी ते आतून फिरून बघायचं असतं, देवळीचा रंगसुद्धा दाखवावा लागतो, आणि त्यासाठी लॅपटॉप भारीतलाच लागतो. पण खरं कारण ते नव्हतं. जुना लॅपटॉप बरा चालत होता, मीच त्याच्यावर आळ घेतला. काही महिन्यांपासून नकाशातल्या भिंती मधेच वाकायला लागल्या होत्या. रेघ दोन्ही टोकांना सरळ असायची आणि मी बघतेय नेमकी तिथंच भाकरीसारखी फुगलेली दिसायची. दुरुस्तीवाल्याने सगळं उघडून पाहिलं आणि स्क्रीनला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. मी मनात म्हटलं, याला काय कळतं. घरी येऊन स्क्रीन गेला असं जाहीर केलं आणि खरेदीचा घाट घातला.

मागच्या रविवारी आम्ही दोघी नांदेडला गेलो. मोठं दुकान, थंडगार, लांबलचक टेबलावर सगळे लॅपटॉप उघडे मांडून ठेवलेले. मी माझा एक नकाशा पेनड्राइव्हवर नेला होता. त्यातल्या रेघा मला पाठ आहेत, त्यामुळे कुठला स्क्रीन कसा आहे हे लगेच कळेल, असा माझा हिशेब. पहिल्यावर नकाशा उघडला तर हॉलची भिंत वाकडी. म्हटलं, हा तेरा इंची, लहान आहे. दुसऱ्यावर वाकडी. तिसरा दुकानातला सगळ्यात चांगला स्क्रीन म्हणून त्या विक्रेत्या पोराने कौतुकाने पुढे केला, त्याच्यावरही भिंत तशीच पोट काढून उभी. आई, एका रांगेतले सगळे नवेकोरे लॅपटॉप बिघडलेले कसे असतील? मी चष्मा काढून पुसला आणि केस मागे सारतेय असं दाखवत उजव्या डोळ्यावर हात धरला. भिंत सरळ झाली. डावा झाकला, पुन्हा वाकली. नात शेजारी उभी राहून कुठल्याशा लॅपटॉपचं वजन हातात तोलून बघत होती.

मी सोळा इंचीवर बोट ठेवलं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, इतना बड़ा? आजकल सब पतलावालाच नेतात." नातही माझ्याकडे बघायला लागली. काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, मला नको आहे मोठा, पण टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला दिसायला पाहिजे ना. वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला वाटलं, हे मी कुठंतरी ऐकलंय. मग नातीनेही चौदा इंचीचं नाव काढलं नाही, ते दोघं वॉरंटीबद्दल बोलत राहिले आणि मी मनाने आपल्या गावी, साखऱ्याच्या शाळेत जाऊन पोचले.

मी तुझ्याच वर्गात, तिसरीत आहे. तीन पायांच्या तिकाटण्यावरचा लाकडी फळा तुला नकोसा झालाय आणि तू मोठ्या गुरुजींच्या मागे लागली आहेस की समोरची अख्खी भिंत काळी करून द्या. ते चेष्टा करतात, बाई, त्याच्यावर काय नांगर धरायचाय का? तू हसत नाहीस. तू म्हणतेस, "मागच्या लेकरायला दिसत न्हाई, गुरुजी." मग गावातल्या चौघांनी मिळून भिंत काळी केली आणि तू तिच्यावर वीत-वीत उंचीची अक्षरं काढायला लागलीस. तपासणीला आलेल्या साहेबांनी तुझं अक्षर बघून केंद्रातल्या सगळ्या शाळांत तुझं कौतुक सांगितलं. धडा तू कधी पुस्तकात बघून वाचला नाहीस, तुला सगळी पुस्तकं पाठ होती. जयंतीला स्टेजवर सगळे कागद धरून बोलायचे, तू मोकळ्या हाताने बोलायचीस. लोक म्हणायचे, बाईचं पाठांतर बघा. मी तर तुझ्या पाठांतराच्या तोऱ्यात शाळाभर मिरवत असे.

आणि ते डबे. दिवाळीच्या आधी तुला मदत म्हणून मी स्वयंपाकघरातली फळी पुसली आणि डबे उंचीप्रमाणे ओळीत लावले. त्या दिवशी वरणात साखर पडली. मला वाटलं तू हसशील. तू मला हाताला धरून फळीपुढे उभं केलंस आणि म्हणालीस, "तुला कोण सांगितलं हात लावायला? ज्याची जागा त्याला ठिवायची." एवढ्याशा गोष्टीला तुझा आवाज थरथरत होता. मी किती तरी दिवस तुझ्यावर रुसून होते. आई किती कडक आहे, हे पुढे मी नवऱ्यालासुद्धा याच गोष्टीवरून सांगितलं. तू कडक नव्हतीस, घाबरलेली होतीस. हे कळायला मला लॅपटॉपच्या दुकानात जावं लागलं.

परतीच्या गाडीत मला नांदेडच्या दुसऱ्या खेपा आठवल्या. वार्षिक परीक्षा झाली की तू मला दर उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचीस. माझे डोळे ठणठणीत होते. आमच्या वर्गात कुणाला कधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलेलं मी ऐकलं नव्हतं. तू आत यायची नाहीस, बाहेर बाकावर पर्स छातीशी धरून बसायचीस. मी बाहेर आले की पहिला प्रश्न, "शेवटची ओळ वाचली का?" मी हो म्हटलं की तुझा चेहरा असा मोकळा व्हायचा की मला वाटायचं मी पहिल्या नंबराने पास झाले. मग तू मला उसाचा रस पाजायचीस, वर आणखी अर्धा ग्लास. एकदा मी म्हटलं होतं, आई, तूपण दाखव ना डोळे. तू म्हणालीस, "मला काय धाड भरली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना फोन केला. ते साखऱ्यालाच असतात, आता ऐकायला जरा कमी येतं, पण हे त्यांना पहिल्याच दमात ऐकू गेलं. आईला नीट दिसायचं नाही का, एवढंच विचारलं. मग म्हणाले, "व्हय. नोकरी जाईल म्हणून भेत व्हती. मलाबी शप्पत घातली व्हती तिनं." आणि लगेच म्हणाले, "तुला आता काहून आठवलं? तुला दिसून राहिलं ना बराबर?" आणि आई, मी त्यांना काय सांगितलं असेल? मला काय धाड भरली, असं म्हटलं. तुझेच शब्द, तुझ्याच ठसक्यात. फोन ठेवला आणि मी रडले.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर नातीने नवा लॅपटॉप लावून, सगळं भरून तयार ठेवला होता. मी झाकण उघडलं. अक्षरं एवढी मोठी होती की लांबूनही वाचता यावीत, आणि बाणाची खूण तर माझ्या अंगठ्याएवढी. मी म्हटलं, हे काय गं, एवढं मोठं कशाला? ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "चष्म्याला काही झालेलं नाही, आई. तू उगाच पुसत असतेस तो." दुकानात मी डोळ्यावर हात धरलेला तिने पाहिला होता. त्याच्याही आधी, मी जिन्याच्या पायऱ्या पायाने चाचपते तेही पाहिलं होतं. चौदा इंचीचा हट्ट तिने दुकानात एकाएकी का सोडला, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही दोघी चहा प्यायलो. मी तिला तुझ्या फळ्याची गोष्ट सांगितली, डब्यांची सांगितली. नांदेडच्या खेपांची मात्र सांगितली नाही.

हे सगळं त्याच लॅपटॉपवर लिहितेय. स्क्रीनवर एका वेळी थोड्याच ओळी मावतात, तुझ्या फळ्यावर मावायच्या तेवढ्या. बाबांना वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, पण मग त्यांना माझंही कळेल, आणि या वयात त्यांना दुसरी शपथ कुठे घालू? तेव्हा हे इथंच राहील.

परवा मी आणि तुझी नात नांदेडला जातोय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी बाहेर बाकावर बसणार नाही, आधी खुर्चीवर मी बसणार आहे. तुझ्याकडून माझ्यात काय उतरलंय ते निघो, सोळा इंची पुरला नाही तर तुझ्यासारखी भिंत काळी करून घेईन. पण माझ्यानंतर त्या खुर्चीवर ती बसेल. शेवटची ओळ वाचली का, हे तू मला दर वर्षी कसं विचारत होतीस, आई? मला तिला एकदा विचारायचीसुद्धा हिंमत होत नाहीये.