निघालो, चहा टाक

सोमवार, ४ नोव्हेंबर
जळोचीत खोली मिळाली. वालचंदनगरहून अम्मी सोडायला आली, सोबत दोन गोधड्या आणि चहाचे सहा कप. एकटीला सहा कशाला, म्हटलं, तर म्हणाली, माणसं येतील की. डेअरीतला पहिला दिवस झकास गेला. पंधरा गावांचं दूधसंकलन इथं एका जुनाट कॉम्प्युटरवर चालतं; मला ते कंटेनरमध्ये हलवायचंय. ऋषिराजसरांना सोपं करून सांगितलं: प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं. डबा बंद पडला तर आपोआप दुसरा उभा राहतो, काम वाढलं की डबे वाढतात. सर जाम खूश.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
जुना प्रोग्राम आबाजींचा. बावीस वर्षं त्यांनीच सांभाळला, गेल्या वर्षी ते वारले. सरांची घाई, आत नुसता गुंता. मी न वाचताच आहे तसा डब्यात भरला. सकाळी दहाला आबाजी एक बटण दाबून संकलन बंद करायचे. तेही आता सोमवारपासून आपोआप होईल असं लावलं. लवकर आटपलं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सोमवार, ११ नोव्हेंबर
वडगाव निंबाळकरहून आबाजींच्या पत्नी सिंधुबाईंचा फोन. दहाला मोबाइलवर मेसेज आला: निघालो, चहा टाक. आबाजींनी घरचा मेसेज त्या बटणालाच जोडून ठेवलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी माफी मागायला गेले, तर त्या अगदी शांत.
"बंद करू नगा, शबीनाबाई. त्ये आलं हुतं. चहा पिऊन गेलं."
कप दाखवला. तळाशी गाळ होता. मला नाही म्हणवलं नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर
दूध वाढलं, डबे पाच झाले. सरांनी पेढे वाटले. मग सिंधुबाईंचा फोन. मेसेज पाच आले, माणसंही पाच. पाचही आबाजीच. ओसरीवर ओळीनं बसतात, बोलत नाहीत.
"बाई, ह्यातलं आमचं मालक कंचं?"

गुरुवार, २१ नोव्हेंबर
एका चालत्या डब्यातून मेसेजची ओळ पुसली. तो बंद पडला. सगळे डबे ज्यावरून बनतात त्या मूळ साच्यातून नवा उठला, ओळीसकट. साचाच बदलायचा तर सगळं थांबवावं लागेल. सर नाही म्हणाले, दूध नासेल.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर
एक डबा बंद केला. दोन उठले.
सिंधुबाईंची शेजारीण फोनवर सांगते, त्या जेवत नाहीत. दिवसभर चहा टाकतात. ऐकून मला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर
फोन नंबर डब्यांबाहेरच्या यादीत आहे. तिथं सिंधुबाईंचा काढला; जागा रिकामी चालेना, म्हणून माझा घातला. दहाला माझ्या फोनवर सहा मेसेज. त्यांना फोन केला. कुणी आलं नव्हतं. सुटल्या, म्हटलं. त्या रडत होत्या.
"मग त्ये गेलं कुठं?"
संध्याकाळी खोलीवर आले. कुलूप जसंच्या तसं. सहाही कप उष्टे.

रविवार, २४ नोव्हेंबर
शेजारणीचा फोन. सिंधुबाई पहाटे गेल्या.
मी कप धुतले. पाणी ठेवलं. का, माहीत नाही.
दहा. मेसेज आले. दाराबाहेर चपला काढतायत — मोजतेय — सहा जोड —
अजून एक. बायकी.
कप सहाच —