सातव्या वर्षाचं वावर

दाविद,

नव्याच्या सणाला, आपलं नवं वर्ष लागलं त्याच दिवशी, तार आली, तुझी आई पुण्यात वारली म्हणून. त्यानंतर आज पहिल्यांदा तिच्या वावरात गेलो.

दर सातवं वर्ष लागलं की जमीन पेरायची नाही, असा तिचा हट्ट होता. मी म्हणायचो, "अगं, आपल्या धर्मातला तो नेम तिकडं इस्राएलातल्या जमिनीला." ती म्हणायची, "आपल्या वावराला काय ठावं, ते कुठं हाय?"

काढणीत सांडलेला मूग या बांधापासून त्या बांधापर्यंत उगवलाय. कुणी पेरला नाही. मी चपला काढून उभा राहिलो.

यंदा सातवं वर्ष असून ज्वारी पेरायला मीच हो म्हणालो होतो, ते चुकलं. उद्या चांगदेवभाऊ पेरणीला पाभर घेऊन घरी येतील, त्यांना चहा देऊन परत पाठव.

मी वावरातच आहे, मांडव इथंच घातलाय. सात दिवस मांडवात राहायचा सण आज संध्याकाळी लागतो आणि त्यावर पाला घालायचा राहिला आहे.

— बाबा