कोंडाजीच्या नावेचे टाके

माघ वद्य पंचमी, शके १८४९

कोंडाजी नावाडी हटून बसला आहे! घाटाला नवी नाव आली. जुनी नुसती बांधून ठेवलेली. तिचे सागवान राममंदिराच्या गाभाऱ्याच्या दाराला घ्यावे, ही सूचना माझीच. रामनवमीपर्यंत दार व्हावे — या वयात एवढीच एक इच्छा उरली आहे. हौशीराम पाटलांनी होकार दिला. कोंडाजी मात्र म्हणतो, "ज्यानं नाव केली त्याच्या हातचा नारळ फुटल्याबिगर तिला मोडायची न्हाई, बुवा. रीत हाय."

"कोणी केली?"

"तुमी शोधा की! तुमी शिकल्यालं."

रीत खरी आहे. परंपरेने आलेली मर्यादा मी कशी मोडू? शोधीन म्हटले.

माघ वद्य एकादशी

उपवास. स्नानसंध्या आटोपून नाव निरखली. एकही खिळा नाही! फळ्यांना भोके पाडून काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. काही टाक्यांनंतर एक टाका उलटा फिरवलेला — असा सर्वत्र. हा हात कुठेतरी पाहिला आहे. कुठे, ते आठवत नाही.

फाल्गुन शुद्ध तृतीया

कामशेतला जाऊन सुतारांना विचारले. "आमी गाड्या करतो, बुवा. शिवल्याली नाव म्हंजी घाटाखालचं काम." एका वृद्धाला मात्र आठवले — कोकणातून आलेला नथू सुतार. नाव पाण्यात सोडली तेव्हा करणाऱ्याचा मान म्हणून तोच पहिला बसला होता. पण नथू कधीच वारला, मूलबाळ नाही. पाटील हसले, "आता नारळ फोडाया सोर्गातनं बोलवा त्याला!"

दार अडले. तरी मन प्रसन्न आहे. वाटेत शेतांतून हरभऱ्याचा वास येत होता. स्तोत्र म्हणत सावकाश चालत आलो.

फाल्गुन शुद्ध नवमी, लोणावळा

मुलाकडे आलो. सूनबाई इंदिरेने माझी जुनी गोधडी उन्हात टाकली होती. सहज दृष्टी गेली — आणि उठून उभाच राहिलो. काही टाके सरळ, मग एक उलटा. तोच हात!

"मामंजी, ही नथू सुताराच्या अंबूबाईची. सासूबाईंनी शिवून घेतली होती ना?"

अंबूबाई — नथूची बायको! सारे सुतार धुंडाळले, गोधडी शिवणारीला विचारावे हे सुचलेच नाही. हल्ली ती भावाकडे औंढ्याला असते, असे कळले.

फाल्गुन शुद्ध दशमी

औंढ्याला जाऊन आलो. अंबूबाई पार वाकली आहे; जीभ मात्र ताठ. "इतकी वर्सं माजी गोधडी पांघरून निजलात, बुवा. आज जाग आली व्हय?"

मग म्हणाली, "फळ्या धन्यानं तासल्या. तासता तासता वाकस पायावर बसला नि त्ये आडवे झाले. पुढं नाव शिवून उभी म्या केली."

"मग पहिले बसण्याचा मान तुझा होता!"

"बाई पयली बसली तर पानी खवळतं, म्हनाले समदे. त्ये लंगडत जाऊन बसले. म्या रुसले. कंदीच बसले न्हाई तिच्यात."

दाराचे सांगितले. तिने हात जोडले. मग म्हणाली, "देवाला न्हाई कसं म्हनू? यीन. नारळ फोडीन."

परमानंद झाला!

फाल्गुन शुद्ध त्रयोदशी

कोंडाजीला अंबूबाईचे नाव सांगितले. तो नदीकडे पाहत म्हणाला,

"ठावं हुतं, बुवा. बापानं सांगितलंतं. म्हनूनच अट घातली. म्हटलं, बाईला कोन इचारतंय? नाव वाचंल."

सायंकाळी देवळात नित्याची पोथी — नेमका रामरायाला गंगेपार नेणाऱ्या नावाड्याचा प्रसंग. वाचताना मनात आले, देवाने त्याच्याकडे त्याची नाव मागितली नव्हती.

फाल्गुन वद्य द्वितीया

अंबूबाई आली. नारळ पदराखाली. सुतार करवत घेऊन उभा. मी 'थांबा' म्हणायला हात वर केला — तोच ती म्हणाली, "आदी बसू द्या मला," आणि सरळ नावेत चढून बसली. कोंडाजीने वल्हे मारले. पैलतीरी जाऊन परत आली. पाणी खवळले नाही!

"कुटं गळत न्हाई," उतरताना ती म्हणाली. " मोडायची कशाला?"

नारळ चटणीला घरी घेऊन गेली. गाभाऱ्याला पडदा लावू. तीच शिवून देणार आहे.